मायाक्काचा पहारा

औंधच्या यमाईचा डोंगर पाठीशी टाकून उगवतीकडं निघालं की हिरवं विरळ होत जातं, विहिरींचं पाणी खोल खोल जातं आणि माळ सुरू होतो. त्या माळावर पांढरेवस्ती. एका अंगाला बिरोबाचं देऊळ, दुसऱ्या अंगाला विठोबाचं, आणि दोन्हींच्या मधोमध झेडपीची दोन खोल्यांची शाळा. दोन देवांनी दोन बाजूंनी बोट धरलेलं लेकरूच जणू.

वस्तीतली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलपात असायची. माणसं मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात जायची. ऊसतोडणी झालेल्या रानात कळप बसवायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि मृगाच्या सुमाराला परत फिरायचं. मागं राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

या शाळेत संयोगिताबाई जूनमध्ये हजर झाल्या. माहेर कराडच्या बाजूचं, कृष्णेच्या काठचं. वडील गावच्या सप्ताहातले जुने वीणेकरी. त्यामुळं बाईंचं बालपण टाळमृदंगाच्या गजरात, कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर, कीर्तन ऐकता ऐकता झोपण्यात गेलेलं. पुढं डी.एड. झाल्या, नोकरी लागली, पण बुवा आख्यान लावायला लागले की अजूनही त्या पाचवीतल्या पोरीसारख्या पुढं सरकून बसत.

पहिली-दुसरी त्यांच्याकडं आणि तिसरी-चौथी जोतीराम गुरुजींकडं. गुरुजी हेडमास्तर, शांत माणूस. बाईंच्या वर्गात मात्र शांतता औषधालाही नव्हती. एक प्रश्न विचारावा तर सगळी पोरं एकदम उठायची.

"बाई, मी सांगतो!"

"बाई, हा माजं बगून सांगतोय!"

"बाई, आमच्या शेरडानं काल जुळी दिली!"

तिसऱ्याचा प्रश्नाशी काही संबंध नसायचा, पण आवाज सगळ्यांत मोठा त्याचाच.

एका दुपारी बाईंना वडिलांची आठवण झाली. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात वीणा तो उभा, त्याचा पहारा संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. पुढचा येतो, त्याच्या पाया पडतो, हा त्याच्या पाया पडतो, आणि मग वीणा सोपवली जाते. बाईंना वाटलं, हे वर्गात आणलं तर?

खिचडी शिजवणाऱ्या चंद्राबाईंच्या छपरावर वाळका भोपळा होता. त्याला वेळूची दांडी बसवली, सायकलच्या ब्रेकची तार ताणली, जुन्या दप्तराचा पट्टा गळ्यात अडकवायला लावला. झाली वीणा. नेम बाईंनी समजावून सांगितला. शाळा भरली की वीणा खुंटीवरून काढायची. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शाळा चालू आहे तोवर वीणा टेकवायची नाही. एकमेकांच्या पाया पडून सोपवायची. आणि शाळा सुटताना शेवटी ज्याच्याकडं असेल त्यानं ती बाईंच्याच हातात द्यायची, म्हणजे बाई खुंटीला लावतील.

युक्ती लागू पडली. शेरडाची जुळीसुद्धा आता रांगेनं यायला लागली.

चारच दिवसांत एक म्हातारा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, कपाळाला बुक्का. कोंडीबा पांढरे. वस्तीच्या सप्ताहातले थोरले वीणेकरी.

"आवं बाई, आयकलं ते खरं व्हय? पोरांच्या गळ्यात वीणा घालताय म्हनं."

"हो बाबा. बसा ना."

"बसत न्हाई. येवढंच सांगाय आलोय. वीणा म्हंजी खेळणं न्हवं."

"खेळणं नाही करत बाबा. नेमानंच चाललंय सगळं."

म्हाताऱ्यानं खुंटीवरच्या भोपळ्याकडं निरखून बघितलं, हात जोडले आणि म्हणाला, "मग हरकत न्हाई. पर नेम धरला की त्यो सुटत नसतो, ध्येनात ठेवा."

बाई हसून 'हो' म्हणाल्या. मनात आलं, किती भाबडी माणसं. ब्रेकच्या तारेला हात जोडतात.

तर या कोंडीबाची नात म्हणजे मायाक्का. पहिलीत. तेलानं चापून बसवलेले केस, कपाळाला आजाच्या बोटाचा बुक्का, आणि मोठे मोठे डोळे. सगळं बघायची, सगळं ऐकायची. पाटीवर सांगितलं ते लिहायची. पण शाळेच्या फाटकातून आत आली की तिच्या तोंडातून शब्द बाहेर पडायचा नाही. हजेरीला 'हजर' नाही, तहान लागली तर 'पाणी' नाही. बोट दाखवायची.

घरी म्हणे ती धबधब्यासारखी बोलते. कोंडीबा सांगायचे, "आवं, रातच्याला मी पेंगाय लागलो तरी हिचं सरत न्हाई." पण शाळेत सहा महिने झाले, बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. गाणी झाली, गोष्टी झाल्या, बाहुल्या झाल्या. तिच्या गळ्यात वीणा आली की ती ताठ उभी राहायची, डोळे मिटायची, थोडा वेळ तशीच थांबायची आणि पुढच्याच्या पाया पडून वीणा सोपवायची. पोरं हसायची नाहीत, नेमच तसा होता. दुसरीतला शंभूराज एकदा एवढंच म्हणाला, "बाई, ही मनातल्या मनात कीर्तन करती."

माघ लागला आणि बाईंच्या जिवाला घोर लागला. कारण कोंडीबांनी सांगून टाकलं होतं. "माजा धनाजी सप्त्याच्या काल्याला येनार हाय. जाताना पोरीला घिऊन जाईल. तिची आई लय झुरती. आनि तुमीच सांगा बाई, पोरगी हितं तोंड शिवून बसती. मग मेंढरामागं आईपशी तरी बसंल. तितं निदान बोलती तरी."

"बाबा, एवढं वर्ष राहू द्या. तिला सगळं येतंय. मला खात्री आहे."

"येतंय म्हनं कोन? ती तर म्हनत न्हाई."

एकदा पोर कळपामागं गेली की पुढल्या वर्षी तिला पुन्हा पहिलीत बसवा, मग त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, आणि मग एक दिवस लग्नाचंच ऐकायला येतं. हे जोतीराम गुरुजींनी वीस वर्षांत पुष्कळ वेळा बघितलं होतं. "बाई, जीव लावू नका एवढा," ते म्हणायचे, आणि स्वतः मात्र मायाक्काच्या पाटीवर रोज सही करताना एक चांदणी जास्तीची काढायचे.

सप्ताह बसला. विठोबाच्या देवळातून दिवसभर टाळ ऐकू यायचे. काल्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारची खिचडी झाली होती, वर्ग पुन्हा भरला होता. शंभूराजनं बोलणं संपवून वीणा बाईंच्या हातात दिली होती, आणि बाई पुढच्या पोराला बोलावणार, तेवढ्यात बाहेरून किंकाळी आली. दुसरीतला शिवतेज लघवीला म्हणून गेला होता, तो शाळेभोवतीच्या दगडी गडग्यात अडकलेला चेंडू काढायला बसला होता. दगडाखाली विंचू.

"इंचू! बाई, तांबडा हाय!"

तांबडा विंचू म्हणजे जिवाशी गाठ. लहान पोराला तो पेलत नाही. रस्त्यावरून दुधाची जीप चालली होती, गुरुजींनी धावत जाऊन ती थांबवली. बाईंच्या हातात अजून वीणा. समोर पहिल्या रांगेत मायाक्का. बाईंनी वीणा तिच्या गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "धर गं. मी आले की घेते."

आणि पोराला कडेवर घेऊन त्या जीपमध्ये बसल्या. पाया पडणं राहिलं. पर्स राहिली. फोन टेबलावर राहिला.

औंधच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच गोळी दिली, सुई दिली, पण सोडेनात. "लहान आहे. छातीवर परिणाम होतोय का बघावं लागेल. संध्याकाळपर्यंत थांबा." शिवतेजला दरदरून घाम फुटलेला, हातपाय गार. बाई त्याचा तळवा चोळत बसल्या. तोंडानं नाम चालू. मध्येच तो डोळे उघडून विचारायचा, "बाई, चेंडू घावला का?" त्याचे आईवडील रानातून निरोप मिळून येईपर्यंत उन्हं उतरली. मग घाम थांबला, हात ऊबदार झाले, आणि पोरगं म्हणालं, "भूक लागलीया." डॉक्टर हसले. बाईंच्या डोळ्यांतून तेवढ्यावर पाणी आलं.

परत यायला वडापची, माणसं भरून नेणारी खाजगी जीप मिळाली. खिडकीशी बसून त्या सुस्कारा सोडतात न सोडतात तोच एक गोष्ट काळजात लक्कन हलली. वीणा.

'धर गं. मी आले की घेते.'

नाही, नाही. शाळा केव्हाच सुटली असेल. गुरुजींनी खुंटीला लावली असेल. लेकरू घरी गेलं असेल. एवढं मनाशी म्हणूनही त्यांना चैन पडेना. कोंडीबांचा आवाज कानात यायला लागला. त्यांनी वडापवाल्याला दोनदा सांगितलं, "दादा, जरा लवकर." आपण एक युक्ती म्हणून ते आणलं. वडिलांच्या गळ्यातली गोष्ट, वर्ग गप करायला वापरली. पण ज्या घरातून ते पोर येतं त्या घरात ती युक्ती नाही.

फाट्यावर उतरून त्या जवळजवळ पळतच निघाल्या. दिवेलागण झालेली. देवळात हरिपाठ संपून कीर्तनाची तयारी चालली असणार, पण तिकडून टाळ ऐकू येईनात. टाळ ऐकू येत होते शाळेतून.

बाई फाटकापाशी थबकल्या. शाळेच्या पडवीत दिवा लागला होता. आतून पोरांचा आवाज येत होता, ठेक्यात, चालीवर.

"सहा त्रिक अठरा..."

आणि टाळ. खरे टाळ.

"सहा चोक चोवीस..."

पोरं म्हणत होती मागून. आधी एक आवाज एकटा म्हणत होता, आणि पोरं त्याची री ओढत होती. तो एकटा आवाज बारीक, किंचित बसका, खूप वेळ वापरल्यासारखा. वर्गातल्या प्रत्येक पोराचा आवाज बाई डोळे मिटून ओळखायच्या. हा ओळखीचा नव्हता.

फाटकातच चंद्राबाई भेटल्या. ओले हात पदराला पुसत त्या कुजबुजल्या, "आलासा व्हय! पोरगं कसं हाय?"

"बरं आहे. चंद्राकाकू, हे काय..."

"गप. आयका आदी." चंद्राबाईंनी त्यांचा दंड धरला. "आवं, तुमी गेल्यापासनं पोरगी उबी हाय. गुरुजी म्हनलं, दे गं वीणा, मी लावतो खुंटीला. देतीय व्हय? मान हालवती नुसती. शाळा सुटली, पोरं पळाली, ही उबीच. गुरुजींनी तुमाला फोन लावला, तर त्यो मेला टेबलावरच वाजाय लागला! मी म्हनलं, बस गं बाय, पाय मोडतील. बसली न्हाई. पानी पाजलं उब्या उब्या. बिस्कुट खाल्लं न्हाई, पहाऱ्यात खात्यात व्हय म्हून."

"असं म्हणाली? ती? बोलली?"

"तवा कुठली! तवा नुसती मानच. मग शंभू आला बघाय. म्हनला, बाई आता येत न्हाईत, बाई साताऱ्याला गेल्या पोराला घिऊन. तशी फाडकन म्हनली, 'येनार हायत! बाई म्हनल्यात, आले की घेते!' आवं, माज्या हातातली पळी पडली."

बाईंना पुढचं नीट ऐकूच येईना.

"मग म्हातारा आला हुडकत," चंद्राबाई रंगात आल्या. "मी म्हनलं, आता ह्यो नातीला घिऊन जानार. त्येनं बघितलं, आनि मुकाट घोंगडी हातरून समोर बसला. देवळातनं येक गडी आला बोंबलत, 'कोंडीबा, तुमचा पहारा आलाय की आवं!' तर म्हातारा म्हनतोय कसा, 'माजा पहारा आज हितं हाय. तितं दुसऱ्या कुनाला उबा कर.' वीस वरसात त्येचा पहारा चुकला न्हवता, बाई. मग त्योच म्हनला, वीणा गळ्यात हाय आनि नाम न्हाई, हे काय बरं न्हवं. बलवा पोरांस्नी. टाळ आना."

"आणि पाढे?"

"आता पोरांस्नी अभंग कुठलं येत्यात सगळं! दोन म्हनलं, सरलं. शंभूनं पाढा धरला. म्हातारा म्हनला, चालतंय, धरा. अक्षर बी देवाचं, आकडा बी देवाचाच. पर शंभू गडबडला मधीच, आनि ज्येच्या गळ्यात वीणा त्येनंच सावरायचं न्हवं का? सावरलं पोरीनं. तवापासनं तीच सांगतीय. आता सात लागंल."

बाई पडवीजवळ गेल्या. अंधारातच उभ्या राहिल्या.

मधोमध मायाक्का. पाय थोडे फाकवून, गुडघे ताठ, डोळे मिटलेले. गळ्यातला भोपळा तिच्या छातीपेक्षा मोठा दिसत होता. डाव्या-उजव्या हाताला पोरं, त्यांच्या हातात देवळातले टाळ. भिंतीशी जोतीराम गुरुजी, चष्मा काढून बसलेले. कोंडीबा घोंगडीवर. आणि त्यांच्या शेजारी एक बापई माणूस, उन्हानं रापलेला, पायताणं अजून पायात, काठी मांडीवर आडवी. तो नुकताच येऊन बसलेला दिसत होता आणि नजर काढत नव्हता. मायाक्काचे ते मोठे मोठे डोळे त्याच्या चेहऱ्यावर तसेच होते. हा धनाजी असणार.

"सात एके सात," मायाक्कानं सुरुवात केली.

पोरांनी टाळ वाजवत री ओढली.

सात पाचे पस्तीसला मात्र पोरांची गाडी अडखळली, शंभूराजनं तिच्या आधीच भलताच आकडा ठोकून दिला आणि एकदम हशा पिकला. मायाक्कानं डोळे उघडले नाहीत. कीर्तनात बुवा जसे गर्दी शांत होईपर्यंत थांबतात, तशी ती थांबली. मग म्हणाली, "पुना. सात पाचे पस्तीस." आणि पुढं नेलं, शेवटापर्यंत, सात दाहे सत्तरपर्यंत. पहिलीच्या वर्गाला दोनच्या पुढचा पाढा बाईंनी कधी शिकवलाच नव्हता. दुसरीची पोरं म्हणायची, ही ऐकायची.

बाई उजेडात आल्या.

"बाई आल्या!" पोरं ओरडली, टाळ तसेच थांबले.

मायाक्कानं डोळे उघडले. चेहऱ्यावर ना राग, ना रडू. फक्त वाट बघणाऱ्याला ते माणूस दिसल्यावर येतं ते समाधान. ती हलली मात्र नाही. बाई काय करतात हे बघत राहिली.

बाईंनी चपला काढल्या. पदर खांद्यावरून नीट घेतला. पडवीच्या फरशीवर गुडघे टेकले आणि त्या सहा वर्षांच्या लेकराच्या धुळीनं माखलेल्या पावलांवर डोकं ठेवलं.

गुरुजी भिंतीकडं बघायला लागले.

"चुकले गं मी," बाई तिथंच, तिच्या पावलांशी, म्हणाल्या. "पाया न पडता तुला वीणा दिली. आणि यायला उशीर केला."

डोक्यावरून आवाज आला, "इंचू लय मोठा व्हता का, बाई?"

बाई हसल्या की रडल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्या उठल्या. मग मायाक्का वाकली, बाईंच्या पायांना तिनं हात लावला, तो कपाळाला नेला, आणि पट्टा डोक्यावरून काढून वीणा बाईंच्या गळ्यात घातली. आणि वीणा गळ्यातून उतरल्याबरोबर दोन्ही हातांनी परकर गच्च धरून ती मुतारीकडं सुसाट पळाली. आतापर्यंत दाबून धरलेला सगळ्यांचा श्वास हसण्यात फुटला. कोंडीबासुद्धा खोकला येईपर्यंत हसले.

"आवं, आख्खी दुपार!" चंद्राबाई ओरडल्या. "पोटात हौद हाय का काय पोरीच्या!"

हसणं ओसरलं तेव्हा बाई कोंडीबांपुढं गेल्या. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हनलो व्हतो. म्हातारी मान्सं लय कायबाय म्हनत्यात." त्यांनी हात उडवला. "तुमी पोराचा जीव वाचवाय गेल्ता. त्यो बी पहाराच की." मग ते शेजारच्या माणसाकडं वळले. "धनाजी, ह्या बाई."

धनाजी उठून उभा राहिला. काठी या हातातून त्या हातात घेतली. बोलायला त्याला जड जात होतं. लेक कुणावर गेली होती ते दिसतच होतं.

"उद्या सांच्याला न्यायचं ठरलं व्हतं हिला," तो म्हणाला.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. विनंतीचे शब्द त्यांनी महिनाभर जुळवून ठेवले होते. आता त्यातला एकही आठवेना.

"तिची आई वाट बघतीया. कालच तिनं पोरीसाटी जागा केली, पालात, आपल्या कडंला." धनाजी म्हाताऱ्याकडं वळला. "मी रिकामा गेलो तर ती काय म्हनंल?"

"सांग तिला, पोर पहाऱ्यावर हाय," कोंडीबा म्हणाले.

"आबा, तुमीच तर निरोप धाडलासा न्ह्या म्हून."

"मी धाडला. तवा मला ठावं न्हवतं. आता ठावं झालं." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, पण त्याच्याखाली दगड होता. "गड्या, तू बी ह्या शाळंत आलतास. आठ दिस. मीच न्हेला तुला मेंढरामागं. तुजं तोंड उघडायच्या आदीच न्हेला."

धनाजीनं मान खाली घातली. पायताणं पायात आहेत हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं, आणि त्यानं ती काढून पायरीखाली ठेवली.

मायाक्का परत आली. हात ओले, चेहरा मोकळा. बापाला बघून ती त्याच्या पायांना जाऊन बिलगली. त्यानं तिला उचललं, आणि तिचे दोन्ही पाय हातात धरून दाबत राहिला, दिवसभर चाललेल्या कोकराचे दाबावेत तसे.

"दुखत्यात का गं?"

"मुंग्या आल्यात. आबाला बी येत्यात."

धनाजीनं खिशातून फोन काढला. तिच्या आईला, मंगलला, लावला. पलीकडं कराडकडच्या कुठल्याशा रानात तो उचलला गेला. कुत्री भुंकत होती, मेंढरं ओरडत होती. धनाजीनं फोन पोरीच्या तोंडासमोर धरला आणि आवाज मोठा केला.

"आये, मी बोलतीया."

"माये! कुटनं बोलतीस गं? घरनं?"

"न्हाई. शाळंतनं."

मंगलला माहीत होतं, आपली पोर शाळेत बोलत नाही. आठ-आठ दिवसांनी फोनवर ती हेच विचारायची आणि सासऱ्याचं तेच उत्तर ऐकायची.

"शाळंतनं बोलतीस?" तिनं पुन्हा विचारलं. आवाज ओला होता. "मग उद्या येतीस न्हवं माज्याकडं?"

मायाक्कानं बापाकडं बघितलं. आजाकडं बघितलं. बाईंकडं बघितलं. बाईंनी वीणेची दांडी घट्ट धरली.

"न्हाई," ती म्हणाली. मग खूप घाईनं, "आये, तू रडू नगंस. शंभूला सात येत न्हाई. ह्येंच्यातल्या कुनालाच येत न्हाई नीट. मी ग्येली तर कोन सांगंल?"

"ए, येतंय मला!" शंभूराज मागून ओरडला.

"न्हाई येत!"

पलीकडं मंगल हसली. नाक ओढल्याचं ऐकू आलं. "बरं बाई. ऱ्हा मग. मृगाला मीच येते. आबाला तरास देऊ नगंस." मग, "आवं, आयकताय का? फोन ठेवू नगा. पोरगी काय म्हनती ते आयकू द्या की जरा. मी कवा आयकलं न्हाई शाळंतलं."

धनाजीनं फोन पायरीवर उभा करून ठेवला, पाण्याच्या तांब्याला टेकवून. तिकडं देवळात कीर्तनाला उभं राहायची वेळ झाली होती, बुवा खोळंबले असतील, पण कोंडीबा उठले नाहीत. गुरुजींनी एक टाळ आपल्या हातात घेतला. बाईंनी वीणेची तार छेडली, बेसूरच वाजली ती, आणि मायाक्काला पुढं येण्याची खूण केली.

बापाच्या कडेवरूनच तिनं सुरुवात केली. पोरांनी री ओढली. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस. पायरीवरच्या फोनमधून कुत्र्यांचं भुंकणं येत होतं, कोकरांचं बें-बें येत होतं, आणि पोरांच्या किंचित मागं राहून, चाचरत, एका बाईमाणसाचा आवाज येत होता. सात चोक अठ्ठावीस.